आइस हॉकीचे भरगच्च वेळापत्रक आणि बलार्धाची मर्यादा

अष्टांगहृदयाच्या दिनचर्याध्यायात अतिव्यायामाचे दोष सांगताना वाग्भटाचार्य सिंह आणि हत्ती यांचा सुप्रसिद्ध दृष्टांत देतात. विद्यार्थिदशेत तो आपण सर्वांनीच मुखोद्गत केला आहे. परंतु दृष्टांत इतका चित्रमय आहे, की लक्ष सिंहाकडेच जाते आणि त्या यादीच्या आरंभी कोणती तीन कारणे आली आहेत, याचा विसर पडतो. ती कारणे म्हणजे व्यायाम, जागर आणि अध्वा. आपल्या चिकित्सालयात येणारा रुग्ण बहुधा यांपैकी एखाद्याच कारणाचा अतिरेक घेऊन येतो. ट्रकचालकाचा अध्वा असतो, रात्रपाळीच्या कामगाराचा जागर असतो, तालमीतल्या मुलाचा व्यायाम असतो. ही तिन्ही कारणे एकाच देहावर, एकाच रात्री आणि महिनोन्‌महिने पडत राहिली तर काय होते, हे पाहण्यास उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक आइस हॉकीइतके उघडे उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल. तेथे प्रत्येक सामन्याची मोजदाद ठेवली जाते. त्यामुळे वैद्याने जे अनुमानाने जाणायचे, ते तेथे आकड्यांतही दिसते.

हा खेळ आपल्याकडे फारसा पाहिला जात नाही, म्हणून थोडी ओळख करून देणे आवश्यक आहे. बर्फाच्या दोनशे फूट लांब मैदानावर प्रत्येक संघाचे गोलरक्षकासह सहा खेळाडू स्केट बांधून धावतात. चेंडूऐवजी घट्ट रबराची चकती असते आणि ती ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपासच्या वेगानेही गोलाकडे येते. अंगाने अंगाला धडकणे हा नियमबाह्य प्रकार नसून खेळाचाच भाग आहे. सामना वीस-वीस मिनिटांच्या तीन भागांत होतो. श्रम इतका तीव्र असतो की मैदानावरील खेळाडू साधारण पाऊण मिनिटातच बाकावर परततो आणि त्याच्या जागी ताज्या दमाची दुसरी फळी उतरते.

या पाऊण मिनिटाकडे वैद्याने बारकाईने पाहावे. सुश्रुतसंहितेत बलार्धाचे लक्षण सांगताना हृदयस्थ वायू मुखावाटे बाहेर येऊ लागणे हा निकष ठेवला आहे. व्यवहारात तोंडाने श्वास घ्यावा लागणे, कपाळ, नाक, काख व सांधे यांवर घाम येणे आणि तोंड कोरडे पडणे या खुणांवरून आपण तो ओळखतो. आइस हॉकीतील खेळाडू जवळजवळ याच टप्प्यावर, किंवा त्यापलीकडे एखादे पाऊल गेल्यावर, बाकावर येतो. म्हणजे सामन्याच्या आत बलार्धाची मर्यादा प्रशिक्षकाला ठाऊक असते आणि तो ती पाळतोही. ती मर्यादा मोडते ती सामन्या-सामन्यांमधील अंतरात, आणि ते अंतर प्रशिक्षक ठरवीत नाही.

नॅशनल हॉकी लीग या संघटनेत २०२१ पासून बत्तीस संघ आहेत. १९९५-९६ पासून पूर्ण हंगामात प्रत्येक संघाला ८२ सामने खेळावे लागू लागले. त्यांपैकी निम्मे घरच्या मैदानावर आणि निम्मे परगावी. ऑक्टोबरच्या आरंभापासून एप्रिलच्या मध्यापर्यंतचा काळ मोजला, तर सरासरी सव्वादोन दिवसांना एक सामना पडतो. त्यानंतर स्टॅन्ले चषकासाठीच्या बाद फेऱ्या येतात. त्यांच्या चार पायऱ्या असून प्रत्येक पायरीत सातपैकी चार सामने जिंकावे लागतात. अंतिम विजेता जूनमध्ये ठरतो. हेमंत आणि शिशिर हे व्यायामाला अनुकूल ऋतू म्हणून आपण मानतो, तेव्हा आरंभ योग्य काळीच होतो. पण निर्णायक झुंज नेमकी आदानकाळात, बल उतरणीला लागलेले असताना येते!

सरासरी सव्वादोन दिवसांची असली, तरी सामने समान अंतराने येत नाहीत. अनेक शहरांत बर्फाचे हे क्रीडागृह बास्केटबॉलच्या संघाबरोबर आणि गाण्याच्या जलशांबरोबर वाटून घ्यावे लागते. दूरचित्रवाणीला विशिष्ट वार हवे असतात. परगावच्या दौऱ्यात खर्च वाचावा म्हणून जवळजवळची शहरे एकापाठोपाठ उरकली जातात. परिणामी, हंगामात दहा-पंधरा वेळा तरी एका संघाला लागोपाठच्या दोन रात्री सामने खेळावे लागतात, आणि पुष्कळदा ते दोन वेगळ्या शहरांत असतात. रात्री दहाच्या सुमारास सामना संपतो. मग स्नान, मालिश, विमानात जेवण, मध्यरात्रीनंतर दुसऱ्या शहरात उतरणे आणि हॉटेलात पोचेपर्यंत दोन-तीन वाजणे हा नित्यक्रम होऊन बसतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा मैदान.

दुसऱ्या रात्रीचा संघ

लागोपाठच्या दुसऱ्या रात्री खेळणाऱ्या संघासमोर विश्रांती घेतलेला संघ उभा राहिला, तर पारडे विश्रांत संघाकडे झुकते, हे अनेक हंगामांच्या नोंदींत आढळले आहे. हा फरक प्रचंड नसतो. एखादा सामना पाहून तो कळणारही नाही. पण ८२ सामन्यांच्या हंगामात दोन-चार गुणांनी बाद फेरी हुकते, तेव्हा तेवढ्या फरकालाही किंमत येते. स्नायूंचा हिशेब पाहता यात आश्चर्य नाही. एका सामन्यात मांडीच्या स्नायूंतील ग्लायकोजेनचा साठा निम्म्याहून अधिक उतरतो, असे मोजमापांतून दिसले आहे. उत्तम आहार मिळाला तरी तो भरून येण्यास चोवीस तास किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. मध्यरात्री विमानात घेतलेले जेवण हे विषमाशनच होय. जेवण पोटात गेले म्हणजे धातूंपर्यंत पोचले, असे मानता येत नाही.

खरी विचारात पाडणारी गोष्ट मात्र वेगळीच आहे. एरिक टल्स्की हे रसायनशास्त्रातील डॉक्टरेट मिळविलेले संशोधक हौसेने हॉकीचे आकडे तपासू लागले आणि पुढे, २०२४ मध्ये, कॅरोलिना हरिकेन्स संघाचे सरव्यवस्थापक झाले. त्यांनी २०१३ च्या सुमारास गोलरक्षकांच्या नोंदी तपासल्या. आदल्या रात्री खेळलेला गोलरक्षक दुसऱ्या रात्री पुन्हा उतरला, तर त्याने अडविलेल्या फटक्यांचे प्रमाण स्पष्टपणे घसरते, असे त्यांना दिसले. गोलरक्षक हा तर सर्वांत कमी धावणारा खेळाडू! तो आपली जागा सोडून फारसा जात नाही. केवळ स्नायूंच्या श्रमाने थकवा येत असता, तर घसरण सर्वांआधी आणि सर्वांत अधिक धावणाऱ्यांत दिसावयास हवी होती.

येथे आपल्या शास्त्रातील एक भेद उपयोगी पडतो. व्यवहारात आपण श्रम आणि क्लम हे शब्द जोडीने वापरतो आणि दोहोंना ‘थकवा’ म्हणून मोकळे होतो. सुश्रुताचार्यांनी मात्र क्लमाचे लक्षण निराळे केले आहे. आयास न करता येणारा, श्वास न वाढविणारा आणि इंद्रियांच्या विषयग्रहणात बाधा आणणारा थकवा तो क्लम. दुसऱ्या रात्रीच्या गोलरक्षकाला धाप लागत नाही. त्याच्या डोळ्याला चकती दिसते, पण हात हलण्यास निमिषमात्र उशीर होतो. माझ्या मते हा क्लमच आहे, आणि त्याचे मूळ आदल्या रात्रीच्या धावपळीपेक्षा हुकलेल्या निद्रेत अधिक आहे. पुष्टी आणि कार्श्य, बल आणि अबल यांना निद्रेच्या अधीन मानणाऱ्या चरकाचार्यांना हे ऐकून नवल वाटले नसते.

पूर्वी हे कोणी मनावर घेत नसे. न्यू जर्सी डेव्हिल्सचा मार्टिन ब्रॉड्युअर २००६-०७ च्या हंगामात ८२ पैकी ७८ सामन्यांत उतरला आणि त्याने ४८ विजय मिळविले. असा गोलरक्षक हा संघाचा अभिमान असे. गेल्या काही वर्षांत मुख्य गोलरक्षकाला पन्नास-साठ सामन्यांपलीकडे न नेणे आणि लागोपाठच्या रात्रींपैकी एक रात्र दुसऱ्या गोलरक्षकाकडे सोपविणे हा बहुतेक संघांचा परिपाठ झाला आहे.

प्रवास, आणि दोन अपवाद

अध्व्याचे टोकाचे उदाहरण व्हँकुव्हर कनक्स या संघाचे आहे. फेब्रुवारी २०१० मध्ये व्हँकुव्हरला हिवाळी ऑलिंपिक भरले आणि संघाचे क्रीडागृह स्पर्धेसाठी द्यावे लागले. त्यामुळे जानेवारीच्या अखेरीपासून मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत ऑलिंपिकचा खंड मध्ये ठेवून सलग १४ सामने परगावी खेळण्याची वेळ त्यांच्यावर आली. लीगच्या इतिहासातील हा सर्वांत लांब दौरा होता. संघ कोसळेल असा अनेकांचा कयास होता. प्रत्यक्षात त्यांनी हरले त्याहून अधिक सामने जिंकले. याच सुमारास हा संघ झोपेच्या तज्ज्ञांचा सल्ला घेऊन विमान कधी सुटावे, हे ठरवू लागला होता. सामना संपताच निघावे की रात्र तेथेच काढून सकाळी निघावे, असा तो साधा प्रश्न असे. पश्चिम किनाऱ्यावरील संघाला पूर्वेकडे जाताना घड्याळ तीन तास पुढे करावे लागते. बेसबॉलच्या वीस वर्षांतील ४६ हजारांहून अधिक सामन्यांचा अभ्यास नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातही पूर्वेकडील प्रवास पश्चिमेकडील प्रवासापेक्षा अधिक बाधक ठरला. झोप पुढे ढकलणे देहाला त्यामानाने सोपे जाते, ती अलीकडे ओढणे अवघड जाते.

दुसरा अपवाद शिकागो ब्लॅकहॉक्सचा. मालक आणि खेळाडू यांच्यातील करारावरील वादामुळे २०१२-१३ चा हंगाम जानेवारीत सुरू झाला आणि ४८ सामने सुमारे शंभर दिवसांत कोंबण्यात आले. अशा दाटीत शिकागोने पहिल्या २४ सामन्यांत नियमित वेळेत एकही हार पत्करली नाही, आणि जूनमध्ये चषकही जिंकला. मग दाटीने कामगिरी ढासळते, हे म्हणणे खोटे काय? खोलात गेल्यावर दिसते, की त्या हंगामात संघांना आपापल्या विभागातच सामने ठेवल्यामुळे प्रवास आटोक्यात होता. शिवाय शिकागोने दोन गोलरक्षकांत भार जवळजवळ वाटून दिला होता. कोरी क्रॉफर्ड ३० सामन्यांत, तर रे एमरी २१ सामन्यांत उतरला. एमरीच्या नावावर १७ विजय आणि एकच पराजय लागला. दाटी सर्वांना सारखीच होती. शिकागोने ती एका देहावर पडू दिली नाही, एवढेच.

प्रकृतिभेदाचे उदाहरणही येथे मिळते. फिल केसेल हा खेळाडू नोव्हेंबर २००९ पासून एप्रिल २०२३ पर्यंत एकही सामना न चुकविता सलग १०६४ सामने खेळला. कसून व्यायाम करणारा म्हणून त्याची ख्याती मुळीच नव्हती. असा एखादा सारवान पुरुष पाहून इतरांना तोच भार देणे म्हणजे एका रुग्णाला मानवलेली मात्रा सर्वांना देण्यासारखे आहे.

विश्रांतीचीही एक गंमत आहे. २०१६-१७ मध्ये लीगने प्रत्येक संघाला हंगामाच्या मध्ये पाच दिवसांची सक्तीची सुटी दिली. सरावालाही बंदी होती. सुटीवरून ताजेतवाने होऊन आलेले संघ पहिल्याच सामन्यात वारंवार हरू लागले. पुढल्या वर्षीपासून सुटीवरून परतलेले दोन संघ शक्यतो एकमेकांसमोरच यावेत, अशी मांडणी करावी लागली. सात्म्य झालेली गोष्ट पादांशिक क्रमाने सोडावी आणि त्याच क्रमाने पुन्हा धरावी, हा चरकोक्त नियम आपण अहितकर सवयींच्या संदर्भात शिकवितो. तो येथेही लागू पडतो. पाच दिवस पूर्ण बंद आणि सहाव्या दिवशी पूर्ण वेग, यात क्रम नाही.

आपल्या मैदानी हॉकीत लीगचा हा प्रकार नसला, तरी मोठ्या स्पर्धेत अशीच दाटी असते. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली भारतीय पुरुष संघाने २४ जुलै ते ५ ऑगस्ट या १३ दिवसांत आठ सामने खेळून कांस्यपदक मिळविले. २४ तारखेला न्यूझीलंडवर विजय आणि २५ तारखेला ऑस्ट्रेलियाकडून १-७ असा दारुण पराभव. हा पराभव लागोपाठच्या दिवसाच्या माथी मारण्याचा मोह होतो. परंतु ऑस्ट्रेलियाही आदल्या दिवशी खेळलेलाच होता, आणि २९ व ३० जुलैला पुन्हा लागोपाठ खेळून भारताने दोन्ही सामने जिंकले. एका निकालावरून निदान करू नये, ते याचसाठी.

उपाय आणि अपाय

संघांनी शोधलेले उपाय पाहिले, तर त्यांतील बरेचसे आपल्याला ओळखीचे वाटतील. सामन्याच्या दिवशी सकाळी बर्फावर हलका सराव करण्याची जुनी प्रथा अनेक संघांनी कमी केली, कारण त्यासाठी झोप मोडावी लागे. सामन्याच्या दुपारी झोपण्याची रीत मात्र खेळाडूंत पूर्वापार आहे. ग्रीष्माखेरीज दिवास्वाप निषिद्ध मानणारे आपले शास्त्र व्यायामाने आणि प्रवासाने कर्शित झालेल्यांना तो सर्व ऋतूंत मोकळा ठेवते. फरक इतकाच, की हे खेळाडू भरपेट जेवून झोपतात. जागरणाच्या निम्म्या वेळेइतकी झोप सकाळी, आणि तीही न जेवता घ्यावी, हे वाग्भटाचार्यांचे सांगणे त्यांना कोणी सांगितलेले दिसत नाही.

द्राक्षा, खर्जूर, दाडिम, परूषक, इक्षू, यव, षष्टिक इत्यादी दहा द्रव्यांचा चरकोक्त श्रमहर गण पाहिला, तर त्यात ‘शक्तिवर्धक’ म्हणून आज विकले जाणारे एकही महागडे द्रव्य नाही. बहुतेक फळे, ऊस आणि धान्य. रिकामा झालेला साठा भरून काढणारा तो आहारच आहे. अभ्यंग, विशेषतः पादाभ्यंग, श्रम आणि वात या दोहोंवर आहेच. पण हे सर्व अंतराच्या जोडीने उपयोगी पडते, अंतराच्या ऐवजी नव्हे. हेतू चालू ठेवून लक्षण दाबले, तर काय होते, याचे उदाहरण व्हँकुव्हरच्याच एका खेळाडूत सापडते.

रायन केस्लर हा २०१० च्या त्या लांब दौऱ्यातील खेळाडू. मधल्या ऑलिंपिकमध्येही तो अमेरिकेकडून खेळला, म्हणजे इतरांना मिळालेला खंड त्याला मिळाला नाही. पुढील हंगामात तो सर्व ८२ सामने खेळला. त्यानंतर संघ अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यापर्यंत गेला, तेव्हा बाद फेऱ्यांतील २५ सामनेही खेळला. एकूण १०७. त्याच उन्हाळ्यात त्याच्या खुब्याच्या सांध्यावर शस्त्रक्रिया झाली. २०१८-१९ नंतर त्याला खेळता आले नाही. सप्टेंबर २०२० मध्ये कॅनडातील एका दूरचित्रवाणी माहितीपटात त्याने सांगितले, की वेदना दाबून मैदानात उतरण्यासाठी वर्षानुवर्षे घेतलेल्या केटोरोलॅकमुळे आपल्या आतड्यांना कायमचा विकार जडला, आणि या औषधाचे दुष्परिणाम आपल्याला कोणी सांगितलेच नव्हते. इतरही निवृत्त खेळाडू त्या माहितीपटात असेच बोलले.

केटोरोलॅक हे नाव औषधविक्रेत्या बंधूंना नवे नाही. दाढदुखीपासून पाठदुखीपर्यंत कशासाठीही ते मागितले जाते आणि पुष्कळ ठिकाणी चिठ्ठीवाचून दिलेही जाते. अमेरिकेत त्याच्या माहितीपत्रकावरच एकूण पाच दिवसांची मर्यादा छापलेली असते. आमच्या भागात हिवाळ्यात कबड्डी आणि खो-खोच्या स्पर्धा एकावर एक येतात. शनिवारी एका गावी, रविवारी दुसऱ्या गावी, मध्ये रात्रीचा टेम्पोप्रवास. गुडघा सुजलेला मुलगा सोमवारी दुकानात येतो, ‘उद्या उपांत्य सामना आहे, काहीतरी द्या’ म्हणतो आणि दोन गोळ्या घेऊन जातो. त्याच्याजवळ केस्लरसारखा संघाचा डॉक्टरही नसतो.

आयुर्वेदीय औषध देताना हा प्रश्न सुटतो असे नाही. राष्ट्रीय पातळीच्या स्पर्धांत उत्तेजकद्रव्य चाचणी होते. कुचल्यातील स्ट्रिक्नीन हे स्पर्धाकाळात प्रतिबंधित द्रव्य आहे. अग्नितुंडी वटी आणि विषतिंदुक वटी यांत कुचला असतो, हे आपणांस सांगावयास नको. सोमलतेतील एफेड्रीनही मूत्रातील ठराविक प्रमाणापलीकडे आढळल्यास दोषास्पद ठरते. वत्सनाभाच्या कुळातील वनस्पतींत आढळणारे हायजेनामाइन २०१७ पासून जागतिक यादीत नावानिशी आहे. ‘वनौषधी आहे, काही होत नाही’ या आश्वासनावर विसंबलेल्या खेळाडूला दोन-चार वर्षांची बंदी येऊ शकते. त्यामुळे खेळाडूला औषध देण्यापूर्वी त्याची पुढील स्पर्धा कधी आहे आणि तेथे चाचणी होते काय, हे विचारून रुग्णपत्रिकेत लिहून ठेवावे. त्याच रकान्यात मागील पंधरा दिवसांत किती सामने झाले, किती रात्री प्रवासात गेल्या आणि झोप किती वाजता लागली, हेही लिहावे. दुखण्याची तक्रार कितीही स्थानिक असो, या तीन उत्तरांवाचून संप्राप्ती पुरी होत नाही.

लीगच्या वेळापत्रकाचे म्हणाल, तर २०२५-२६ च्या हंगामात इटलीतील हिवाळी ऑलिंपिकसाठी फेब्रुवारीतील जवळजवळ तीन आठवडे मोकळे ठेवले गेले आणि तेच ८२ सामने उरलेल्या दिवसांत बसविण्यात आले. जुलै २०२५ मध्ये खेळाडूंच्या संघटनेशी झालेल्या करारानुसार २०२६-२७ पासून सामन्यांची संख्या ८४ करण्याचे ठरले, आणि त्या बदल्यात हंगामापूर्वीचे सराव सामने चारवर आणले गेले. लागोपाठच्या दोन रात्रींचा प्रश्न मात्र त्या देवाणघेवाणीने सुटलेला नाही.